तांब्याच्या घरचा चितारी: पेशवे दरबार, चांदवडचा रंगमहाल आणि गंगाराम तांबट

स्पेनच्या राजदरबारात चित्रकाराला हुद्दा होता, त्या हुद्द्याला ठरलेले वेतन होते आणि राजवाड्याच्या दप्तरात त्याच्या नेमणुकीची नोंद होत असे. दिएगो वेलास्केस हा १६२३ मध्ये चौथ्या फिलिप राजाचा चित्रकार झाला आणि १६५६ मध्ये ‘लास मेनिनास’ हे राजकुटुंबाचे चित्र रंगवताना, हाती कुंचला घेतलेल्या स्वतःलाही त्याने त्यात उभे केले. पुढे सोन्याचा मुलामा चढवणाऱ्या एका कारागिराचा मुलगा फ्रान्सिस्को गोया १७८९ मध्ये त्याच दरबाराचा चित्रकार आणि १७९९ मध्ये प्रथम दरबारी चित्रकार झाला. त्याची नेमणूक, बढती, आजारपण, हे सारे आज तारीखवार सांगता येते. मराठी राज्यात असा हुद्दा नावारूपाला आला नाही. चित्रे होती, चित्रे काढणारे हात होते, त्या हातांना दरबाराकडून काम आणि मोबदलाही मिळत होता. परंतु काम चिताऱ्याचे आणि नाव वाड्याच्या धन्याचे, अशी इथली रीत होती. या रीतीला अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात एक ठळक अपवाद घडला. गंगाराम चिंतामण नवगिरे, म्हणजेच गंगाराम तांबट, हा तो अपवाद. त्याचे काम नीट समजायचे तर ज्या निनावी परंपरेच्या शेजारी तो उभा आहे ती आधी पाहावी लागते, आणि त्या परंपरेच्या भिंती पुण्याइतक्याच, किंबहुना पुण्याहून अधिक, नाशिक परिसरात शोधाव्या लागतात.

‘चितारी’ हा शब्द संस्कृत ‘चित्रकार’ या शब्दाच्याच घराण्यातला आहे, परंतु त्याचा व्यवहारातला अर्थ आजच्या ‘चित्रकार’ या शब्दाहून बराच व्यापक होता. चितारी भिंती रंगवत असे, पालख्यांवर आणि देव्हाऱ्यांवर वेलबुट्टी काढत असे, गंजिफाची पाने रंगवत असे आणि लग्नघराच्या दारावर गणपती काढण्यासही जात असे. या कामांत जीनगर समाजाचा वाटा मोठा होता. जीनगर म्हणजे मुळात घोड्याचे जीन, अर्थात खोगीर, तयार करणारा. पण चामडे, लाकूड, माती आणि रंग या सर्वांत त्याचा हात चालत असल्यामुळे मूर्ती घडवणे आणि चित्रे रंगवणे हीदेखील त्याची कामे झाली. मोठ्या दरबारांना स्थानिक कारागीर अपुरे वाटत तेव्हा उत्तरेकडून चित्रकार बोलावले जात. शनिवारवाड्याच्या सजावटीसाठी जयपूरहून आलेल्या भोजराज नावाच्या चित्रकाराचा उल्लेख परंपरेने होत आला आहे. उत्तरेत मोहिमा काढणाऱ्या मराठी सरदारांनी तिकडच्या हवेल्या आणि त्यांतील चित्रे पाहिली होती, आणि आपल्या वाड्यांच्या भिंतीही तशाच बोलक्या असाव्यात असे त्यांना वाटणे साहजिक होते. मराठी भित्तिचित्रांत राजस्थानी पोशाख, दख्खनी रंग आणि खास मराठी पगड्या एकाच चौकटीत दिसतात, याचे कारण या येण्याजाण्यात आहे.

पेशवाईत नाशिक हे केवळ तीर्थक्षेत्र नव्हते; पेशवे घराण्याचे ते जवळजवळ दुसरे घर होते. रघुनाथरावाने गोदावरीकाठी आनंदवल्ली येथे वाडा बांधला, नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई उत्तरायुष्यात जवळच्याच गंगापूर येथे राहिल्या आणि १७८८ मध्ये याच परिसरात निवर्तल्या. शहरात सरकारवाडा उभा राहिला. नारोशंकराचे, सुंदरनारायणाचे आणि काळारामाचे देऊळ ही तिन्ही मोठी मंदिरे अठराव्या शतकातच पेशव्यांच्या सरदारांनी बांधली. त्र्यंबकेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार खुद्द नानासाहेबांच्या आज्ञेने सुरू झाला. एवढे बांधकाम चालू असलेल्या प्रदेशात पाथरवट, सुतार, गवंडी, तांबट आणि चितारी यांना पिढ्यान्‌पिढ्या काम मिळत राहिले. दगडात आणि लाकडात केलेले त्यांचे काम बऱ्याच अंशी टिकले. रंगात केलेले फार थोडे टिकले. त्या थोड्यांपैकी सर्वांत मोलाचे काम चांदवडला आहे.

चांदवड हे नाशिकच्या ईशान्येस सुमारे ६५ किलोमीटरवर, मुंबई–आग्रा मार्गावर, डोंगरांच्या रांगेच्या पायथ्याशी वसलेले गाव आहे. होळकरांच्या ताब्यातील हे महत्त्वाचे ठाणे. इथल्या टांकसाळीत पडलेला चांदवडी रुपया खानदेश आणि नाशिकच्या बाजारपेठांत चालत असे, आणि माळव्यातून दक्षिणेकडे येणाऱ्या होळकरांच्या माणसांचा मुक्काम इथे पडत असे. अहिल्याबाई होळकरांनी इथे रेणुकादेवीच्या मंदिराची उभारणी केली आणि गावात एक भव्य वाडा बांधला. होळकरवाडा हे त्याचे एक नाव. लोकांच्या तोंडी बसलेले नाव मात्र ‘रंगमहाल’. बाहेरून पाहता ही वास्तू गढीसारखी आहे: उंच दगडी भिंती, भक्कम दरवाजा, आत चौक. चौकाभोवतीच्या दालनांत मात्र सारी भाषा बदलते. कोरीव लाकडी सुरूदार खांब, म्हणजे सुरूच्या झाडासारखे खाली फुगीर आणि वर निमुळते होत जाणारे खांब, त्यांना जोडणाऱ्या नक्षीदार महिरपी, आणि त्यांच्या आडच्या भिंतींवर रंगवलेले रामायण, महाभारत आणि कृष्णचरित्र.

ही चित्रे ज्या पद्धतीने काढली जात ती समजून घेण्यासारखी आहे, कारण त्यांचे सौंदर्य आणि त्यांचा नाश या दोहोंचे मूळ तीतच आहे. युरोपातील प्रसिद्ध भित्तिचित्रांपैकी पुष्कळशी ओल्या गिलाव्यावर रंगवलेली आहेत. तिथे चुना सुकताना रंगाचे कण स्वतःत बांधून घेतो आणि चित्र भिंतीचाच भाग होते. मराठी वाड्यांतील बहुतेक चित्रे सुक्या गिलाव्यावरची आहेत. भिंतीला आधी माती-चुन्याचे जाड थर देत, त्यावर चुन्याचा बारीक थर देऊन तो घोटून गुळगुळीत करत, आणि तो वाळल्यावर गेरूने अगर काजळीने आकृत्यांची बाह्यरेषा काढून आत रंग भरत. लाल रंगासाठी गेरू आणि हिंगूळ, पिवळ्यासाठी हरताळ, निळ्यासाठी नीळ, हिरव्यासाठी तांब्यावर चढणारे जंगाल, काळ्यासाठी काजळी आणि पांढऱ्यासाठी चुनाच. हे रंग डिंकाच्या किंवा सरसाच्या पाण्यात कालवलेले असत. रंग भिंतीत मुरत नसे, भिंतीवर बसत असे. त्यामुळे त्याची झळाळी अधिक, रेषा अधिक नाजूक, आणि आयुष्य छपराच्या आयुष्याइतके. कौल सरकले, पाणी भिंतीत उतरले, की रंगाला पापुद्रे सुटतात आणि पापुद्र्याबरोबर एखादा चेहरा, एखादा हात, एखादा घोडा कायमचा जातो. भिंतीला टेकणाऱ्या पाठी, चुलीचा धूर आणि पुढच्या काळात दिलेले चुन्याचे सफेतीचे हात यांनीही मराठी मुलखातील अनेक वाडे असे मुके केले.

अशा भिंतीजवळ उभे राहिले की चिताऱ्याची विचारसरणी उलगडते. त्याच्यासमोर एकच दृश्य नसे. त्याच्यासमोर कथा असे. म्हणून भिंतीचे पट्टे पाडून, प्रत्येक पट्ट्याला वेलबुट्टीची किनार देऊन, तो प्रसंगामागून प्रसंग मांडत जाई. महत्त्वाचा पुरुष मोठा, सेवक लहान. चेहरे बहुधा एका बाजूने दिसणारे, डोळा मात्र पूर्ण. झाड, नदी, राजवाडा यांची ओळख पटण्यापुरतीच खूण. दूरची वस्तू लहान आणि जवळची मोठी दिसते हा डोळ्याचा अनुभव त्याला ठाऊक नव्हता असे नव्हे. त्याला तो कथेच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटत नव्हता. या चित्रांना ‘अपरिपक्व’ म्हणण्याची सवय एके काळी मराठी लेखनातही रुजली होती. ती सोडून दिली पाहिजे. ज्या प्रश्नाचे उत्तर चितारी शोधतच नव्हता, त्या प्रश्नाच्या गुणपत्रिकेवर त्याचे मोजमाप करणे अन्यायाचे आहे.

चांदवडचे मोल पुण्याच्या हानीमुळे आणखी वाढले आहे. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला शनिवारवाडा पुढच्या पेशव्यांनी वाढवत नेला. नानासाहेबांच्या काळात तिथे गणपती रंगमहाल उभा राहिला, आणि त्याच्या भिंतींवर पुराणप्रसंग रंगवलेले होते. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली, ती अनेक दिवस धुमसत राहिली आणि तटबंदी, दरवाजे व जोती यांखेरीज फारसे काही उरले नाही. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, वाईचा मोतीबाग आणि चांदवडचा रंगमहाल यांसारख्या मोजक्या जागा मिळून आज पेशवाईच्या चित्रदृष्टीची साक्ष देतात. राजधानीतील मूळ जळाले. साक्ष राहिली ती परगण्यांत.

शनिवारवाड्याच्या त्या गणपती रंगमहालात बसलेला दरबार कसा दिसत असे हे मात्र आज पाहता येते, आणि ते एका इंग्रज वकिलाच्या हौसेमुळे. चार्ल्स वॉर मॅलेट हा १७८६ पासून पुणे दरबारी ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे कायम मुक्कामी असलेला वकील, होता. टिपू सुलतानाविरुद्ध कंपनी, निजाम आणि पेशवे यांची एकजूट घडवणारा १७९० चा तह त्याच्या कारकिर्दीतला. राजकारण हे त्याचे काम होते, पण लेणी, वनस्पती, प्राणी, वेशभूषा, मूर्ती यांची माहिती आणि चित्रे गोळा करण्याचा त्याला मोठा नाद होता. ज्या देशावर सत्ता मिळवायची तो देश आधी कागदावर उतरवायचा, ही कंपनीच्या अनेक अधिकाऱ्यांची वृत्ती त्याच्यातही होती. १७९१ मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटलंडमधील पीटरहेड येथे जन्मलेला चित्रकार मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी मॅलेटच्या आश्रयाने पुण्यास आला. तैलरंग, म्हणजे जवसाच्या तेलासारख्या तेलात कालवून कापडावर लावायचे रंग, ही पेशव्यांच्या दरबाराला बव्हंशी नवी गोष्ट होती. वेल्सने अठरा वर्षांच्या सवाई माधवरावाचे नाना फडणवीसांसह चित्र काढले, ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. महादजी शिंद्यांचेही चित्र त्याने काढले. मराठी शालेय पुस्तकांतून नाना आणि महादजी यांचे जे चेहरे पिढ्यान्‌पिढ्या पाहिले गेले, त्यांचे मूळ बऱ्याच अंशी वेल्सच्या या बैठकींत आहे.

वेल्सला मदतनीस हवे होते, आणि पेशव्यांना व मॅलेटला ही विद्या इथे रुजावी असे वाटत होते. शनिवारवाड्यात पाश्चात्त्य पद्धतीची चित्रशाळा निघाली, असे द. ब. पारसनिसांपासून इतिहासकार सांगत आले आहेत. त्या चित्रशाळेचा सर्वांत तयारीचा चित्रकार म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो गंगाराम. वेल्स पुण्यास येण्यापूर्वीपासून तो मॅलेटसाठी चित्रे काढत होता, त्यामुळे त्याला नुसता वेल्सचा शिष्य म्हणणे पुरेसे नाही. तयार हाताचा कारागीर नव्या गुरूला भेटला, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

तो हात कशाने तयार झाला होता, याचा विचार त्याच्या नावापासूनच सुरू करावा लागतो. तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारा. या समाजाला त्वष्टा कासार असेही म्हणतात, आणि त्वष्टा हे देवांच्या शिल्पकाराचे, विश्वकर्म्याच्या परंपरेतले, वैदिक नाव आहे. पुण्याच्या कसब्यातील तांबट आळीप्रमाणेच जुन्या नाशकातही तांबटांची गल्ली आहे, आणि गोदावरीजवळचा भांडी बाजार त्या धंद्याची आठवण आजही सांगतो. यात्रेकरूंचे गाव असल्यामुळे नाशकात तांब्या-पितळेच्या पूजेच्या भांड्यांना, कलशांना आणि गंगाजळीच्या गडूंना कायम गिऱ्हाईक असे, आणि एकोणिसाव्या शतकात इथल्या भांड्यांचा लौकिक दूरवर होता. तांबटाचे काम डोळ्यापासून सुरू होते. सपाट पत्रा भट्टीत तापवून, थंड करून, ऐरणीवर ठोकत ठोकत तो हंड्याच्या गोलाईपर्यंत न्यायचा असतो. पत्रा कुठे ताणला जातो आणि कुठे आकसतो हे हाताला कळावे लागते. शेवटी येते ते मठारकाम: घडलेल्या भांड्याच्या अंगावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकास एक लागून असे ठोके द्यायचे की त्यांची ओळ सरळ पुढे जावी आणि प्रत्येक ठोक्याचा लहानसा खळगा प्रकाश परतवून चमकावा. त्याने पत्रा कठीण होतो आणि भांडे देखणे दिसते. सपाट पृष्ठभागातून गोलाई उभी करणे आणि उजेड कुठे पडेल याचा अंदाज बांधणे, या दोन गोष्टी तांबटाला लहानपणापासून अंगवळणी पडतात; छायाप्रकाशाने कागदावर गोलाईचा भास निर्माण करणारी युरोपीय चित्रविद्या नेमक्या याच दोन गोष्टींवर उभी आहे. गंगारामाने ती इतक्या सहजपणे आत्मसात केली, यामागे त्याच्या घरची ऐरण आहे, असे मानण्यास भरपूर जागा आहे.

त्याच्या आरंभीच्या चित्रांत पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे १७९० मधील जलरंगातील चित्र विशेष आहे. शिकारखाना म्हणजे पर्वतीच्या पायथ्याजवळ पेशव्यांनी पाळलेल्या वन्य प्राण्यांची जागा. सिंह आणि गेंडा हे तिथले आकर्षण होते. गेंड्याच्या चित्राला जागतिक कलेत एक जुना इतिहास आहे. गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांना मिळालेला एक गेंडा गोव्याहून जहाजाने निघून १५१५ मध्ये लिस्बनला पोहोचला, आणि त्याचे वर्णन व रेखाटन पाहून, प्राणी स्वतः न पाहता, जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने लाकडी ठशावर त्याचे चित्र कोरले. त्यात गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आणि खांद्यावर आणखी एक लहान शिंग आले, आणि युरोप अडीच शतके तोच गेंडा खरा मानत राहिला. गंगारामासमोर प्राणी प्रत्यक्ष उभा होता. त्याच्या कातडीच्या घड्या या घड्याच आहेत, पत्रे नाहीत, हे दाखवायला त्याने कोणत्याही युरोपीय नमुन्याची मदत घेतली नाही. आयुष्यभर पत्रा ठोकणाऱ्या घराण्यातल्या माणसाने गेंड्याच्या अंगावरचा पत्रा उतरवला. पुढे त्याने पुण्यातील आखाड्यांत कसरत करणारे मल्ल, गोसावी व योगी आणि देवळांसह पर्वतीची टेकडीही चितारली. ही माणसे कथेतली पात्रे नाहीत, ती त्या दिवशी त्या जागी असलेली माणसे आहेत, आणि मराठी चित्रकलेत हे वळण पहिल्यांदा एवढ्या स्पष्टपणे याच कागदांवर दिसते.

त्याचे सर्वांत मोठे काम मात्र वेरूळचे. मॅलेटला वेरूळच्या लेण्यांची सविस्तर चित्रे आणि मोजमापे हवी होती, आणि १७९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गंगारामाने तिथे जाऊन लेण्यांची दृश्ये, दर्शनी भाग आणि मूर्ती कागदावर उतरवल्या. ही कामगिरी किती कठीण होती हे वेरूळ पाहिलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. कैलास हे बांधलेले मंदिर नाही, डोंगरातून वरून खाली खोदत आणलेले आहे. सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद खोदीव चौकात ते सुमारे ३० मीटर उंच उभे आहे. चौकात उभे राहिले की सबंध मंदिर एका नजरेत येत नाही, आणि नजरेत यावे म्हणून मागे सरकावे तर पाठ कड्याला लागते. इथे चांदवडच्या चिताऱ्याची पट्ट्यापट्ट्यांची मांडणी उपयोगी नव्हती. इथे यथार्थदर्शनाची, म्हणजे अंतर वाढेल तशी रेषा एका बिंदूकडे झुकवण्याच्या पद्धतीची, खरी कसोटी होती. लेण्यांच्या आतल्या अंधारात खांबांमागून खांब मागे जाताना दाखवणे आणि दारातून आत येणारा उजेड कुठे थांबतो ते नेमके पकडणे, हे त्याने ज्या निष्ठेने केले ती त्याच्या वेरूळच्या चित्रांतून सतत जाणवते.

कैलासाला त्या काळी लोक ‘रंगमहाल’ म्हणत. दगडावर दिलेला चुन्याचा लेप आणि त्यावरील रंग तेव्हा बराच शाबूत होता, म्हणून हे नाव. वेरूळच्या घृष्णेश्वराचे मंदिर अहिल्याबाईंनी पुन्हा उभारले. चांदवडचा रंगमहालही त्यांचाच. गंगाराम वेरूळास कैलासाच्या रंगलेल्या भिंती न्याहाळत होता तेव्हा चांदवडच्या भिंतींवरचे रंगही ताजेच होते, आणि दोन्ही ठिकाणच्या लोकांनी एकच शब्द निवडला, कारण रंगीत भिंत म्हणजे वैभव ही समजूत देवळाला आणि वाड्याला सारखीच लागू होती. वेरूळच्या दहाव्या लेण्याचीही अशीच गोष्ट आहे. हे बौद्ध चैत्यगृह. परंतु त्याच्या छताला लाकडी वाशांसारख्या कमानी दगडात कोरलेल्या असल्यामुळे कारागिरांनी ते विश्वकर्म्याचे मानले, ‘सुताराची झोपडी’ म्हटले आणि आतल्या भव्य बुद्धमूर्तीला विश्वकर्मा म्हणून पूजले. त्वष्टा कासार गंगारामाने या लेण्यात पाऊल ठेवले ते कंपनीच्या वकिलासाठी नोंद करणारा चित्रकार म्हणूनही, आणि आपल्या कुळाच्या देवाच्या घरी आलेला कारागीर म्हणूनही.

मग १७९५ साल उजाडले. त्या वर्षाच्या आरंभी वेल्स स्वतः वेरूळास जाऊन काम करून आला. १३ ऑगस्टला महेश्वर येथे अहिल्याबाई निवर्तल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जातून खाली पडला आणि २७ तारखेला, एकविसाव्या वर्षी, मरण पावला. नोव्हेंबरात, लेण्यांचे काम करता करता आजारी पडलेला वेल्स ठाण्याच्या परिसरात वारला. महादजी आदल्या वर्षीच गेले होते. मॅलेटने १७९७ मध्ये पुणे सोडले आणि लवकरच हिंदुस्थानही. वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी त्याने १७९९ मध्ये विवाह केला, आणि वेल्सचे व गंगारामाचे कागद त्याच्याबरोबर इंग्लंडला गेले. नाना फडणवीस १८०० मध्ये निवर्तले. ज्या दरबारात एक नवी चित्रविद्या रुजू पाहत होती त्या दरबारातली, तिला सावली देणारी माणसे पाच-सहा वर्षांत नाहीशी झाली. राज्य १८१८ मध्ये गेले, असे इतिहास सांगतो. चित्रशाळा मात्र १७९५ मध्येच गेली होती.

इंग्लंडला गेलेल्या कागदांवरून टॉमस डॅनियल या चित्रकाराने दोन मोठी कामे केली. एक म्हणजे मॅलेट पेशव्यांच्या दरबारात तह सादर करतो आहे हे १८०५ मधील भव्य तैलचित्र, जे आज लंडनच्या टेट संग्रहात आहे आणि ज्यात गणपती रंगमहालातला दरबार पाहायला मिळतो. दुसरे म्हणजे १८०३ मध्ये प्रसिद्ध झालेला वेरूळच्या २४ दृश्यांचा संच. हा संच ॲक्वाटिंट पद्धतीने छापलेला होता. या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून पत्रा तापवतात, त्यामुळे पूड त्याला चिकटते. मग तो आम्लात धरला की राळेच्या कणांमधल्या फटींतून आम्ल तांबे खाते आणि पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म खड्डे पडतात. त्यांत शाई भरून कागदावर दाबले की जलरंगासारख्या मऊ छटा उमटतात. गोयाने १७९९ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘काप्रिचोस’ ही ८० चित्रांची माला याच तंत्राचा आधार घेऊन तांब्यावरच घडलेली आहे. वेरूळची लेणी युरोपने पहिल्यांदा एवढ्या विस्ताराने पाहिली ती तांब्याच्या पत्र्यावरून, आणि त्या कामाची पायवाट ज्याने पाडली तो स्वतः तांबट होता. संचाच्या शीर्षकपृष्ठावर वेल्सचे नाव आहे, डॅनियलचे आहे; गंगारामाचे नाही.

मराठी वाड्याची रीत लंडनच्या छापखान्यातही सुटली नाही, असा याचा अर्थ आहे. आणि ती पुढेही सुटली नाही. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला वर्षानुवर्षे केल्या. त्यावरून निघालेला ग्रंथ ग्रिफिथ्स यांच्या नावाने ओळखला जातो, नकला करणाऱ्यांची नावे अभ्यासकांनाच ठाऊक असतात. गोयाचा बाप मुलामा चढवणारा होता हे स्पॅनिश शाळकरी मुलाला सांगता येते, कारण तिथल्या समाजाने कारागिराच्या घरातून आलेल्या त्या माणसाला दप्तरात आणि मनात, दोन्हीकडे जागा दिली. मराठी समाजाने विठोबाच्या पायरीशी कुंभाराला, माळ्याला, सोनाराला, शिंप्याला संत म्हणून नावानिशी जागा दिली होती. चिताऱ्याला चितारी म्हणून ती दिली नाही, ही उणीव मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

गंगारामाची बरीच चित्रे आज अमेरिकेतील न्यू हेवन येथे, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात, पॉल मेलन संग्रहात जपलेली आहेत. २०११ मध्ये तिथे भरलेल्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली, आणि हॉली शॅफर यांच्या संशोधनामुळे त्याच्याकडे वेल्सचा मदतनीस म्हणून न पाहता स्वतंत्र दृष्टीचा चित्रकार म्हणून पाहिले जाऊ लागले. कागद परदेशी गेला म्हणून नाव वाचले. भिंत इथेच राहिली आणि तिचे नाव गेले. आता भिंत तरी राहावी. चांदवडच्या रंगमहालाच्या प्रत्येक चौकटीचे छायाचित्र, तिच्यातील प्रसंगाची ओळख, रंगांची आणि पडझडीची नोंद, हे काम नाशिक जिल्ह्यातील महाविद्यालये आणि इतिहासमंडळे शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या सोबतीने हाती घेऊ शकतात, आणि त्याला पुढच्या पावसाळ्यापर्यंतही थांबवू नये. मुंबई–आग्रा मार्गावरून रोज हजारो गाड्या चांदवडवरून जातात. त्यांतल्या वाचकांनी एकदा गावात वळावे, भिंतीला हात न लावता तिच्यापुढे उभे राहावे, आणि आपल्या घरच्या जुन्या दप्तरात, सनदेत किंवा हिशेबाच्या वहीत कोणा चिताऱ्याचे नाव, गाव किंवा दिलेली रक्कम आढळली, तर ते पान अभ्यासकांच्या हाती द्यावे.